कृपेने झालेले तारण : पंडिता रमाबाईंचा विश्वास

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे, केडगाव हे स्थानक लागते. या गावी पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुक्ती सदन हे निराधार स्त्रियांचे आश्रयस्थान उभारले. संस्कृत विदुषी आणि स्त्रियांच्या कैवारी म्हणून आपण त्यांना ओळखतो आणि ते यथार्थच आहे. परंतु ज्या श्रद्धेच्या बळावर त्यांनी हे सारे केले, तिची दखल आपण क्वचितच घेतो. माणसाचे तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, त्याच्या पुण्याईने होत नाही, देवाच्या दयेने आणि ख्रिस्तावरील विश्वासाने होते, ही ती श्रद्धा.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थोतीर्थी फिरत आणि पुराणे सांगून निर्वाह करीत. व्रते, उपवास आणि दानधर्म यांत त्यांनी कसूर केली नाही. दुष्काळाने मात्र या घरावर घाला घातला. आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी भटकत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या आणि तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे बंधूही गेले, आणि विवाहानंतर अवघ्या दोन वर्षांत पतीही गेले. पदरी तान्ही मनोरमा होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील मठवासी भगिनींकडे त्यांचा मुक्काम होता. तेथून त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे पाठवण्यात आले असता, समाजाने ‘पतित’ म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांच्या पाहण्यात आल्या. अशा स्त्रियांशी कोणी मायेने वागते, हेच त्यांना नवे होते. असे का करता, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला.

तो प्रसंग सावकाश वाचण्याजोगा आहे. भर दुपारी, थकलेला येशू याकोबाच्या विहिरीपाशी बसला आहे. एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. तरीही तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिचे पाच पती होऊन गेले आणि आता सोबत असलेला पुरुष तिचा पती नाही, हेही तो जाणतो आणि तसे बोलूनही दाखवतो. पण तिला हाकलून देत नाही. उलट जिवंत पाण्याविषयी, खऱ्या उपासनेविषयी तिच्याशी बोलतो. तिने आधी सुधारून यावे, मग बोलू, अशी अट त्याने घातली नाही. माझ्या मते ख्रिस्ती तारणविचाराचा गाभा याच ठिकाणी सर्वांत स्वच्छ दिसतो.

त्याच वर्षी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मात्र पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ही कबुली फार मोलाची आहे, कारण बुद्धीला पटलेला धर्म आणि अंतःकरणाने धरलेला विश्वास यांतील अंतर कापायला त्यांना सुमारे आठ वर्षे लागली. आपण काही केल्याने पापक्षमा मिळत नाही, ती आधीच देऊ केलेली आहे आणि आपण ती केवळ स्वीकारायची आहे, हे उमगले तेव्हा त्यांना शांती लाभली. बायबलमधील इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने हेच सांगितले आहे: तारण हे देवाचे दान आहे, कोणाच्या कर्माचे फळ नाही, म्हणून कोणी बढाई मारू नये.

या विश्वासाची किंमत त्यांना मोजावी लागली. शारदा सदन या त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शाळेतील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा पुण्यात वादळ उठले आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर ज्यांनी संस्थेला आधार दिला होता, त्यांचा रोषही समजण्यासारखा होता.

तारण कर्मांनी मिळत नसेल, तर कर्मे करायचीच कशाला, हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेत जुना आहे. केडगावात त्याचे उत्तर दिसते. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो मुली आणि स्त्रिया आणल्या. अत्याचार सोसलेल्या, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी वेगळे घर उघडले आणि त्याला कृपासदन हे नाव दिले. फुलहॅममध्ये जे पाहिले, तेच त्यांनी येथे उभे केले. देवाला प्रसन्न करून घेण्याची ही धडपड नव्हती. मिळालेल्या दयेपोटी हे सारे घडत होते. मुली विणकाम शिकल्या, शेती शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या.

आयुष्याची अखेरची वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मूळ ग्रंथांवरून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात घालवली, कारण अल्पशिक्षित स्त्रीलाही हे शुभवर्तमान स्वतः वाचता यावे, असा त्यांचा आग्रह होता. मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी हे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्यांचे बायबल मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून छापले गेले.