रांगेतलं आकाश

मंडळी, १९१२ साली पुण्यातून एक दुर्बीण गेली. आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठाच्या, म्हणजे तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा होती. भावनगरच्या महाराजांनी पाच हजार रुपये दिले, तेवढेच सरकारने घातले आणि १८८८ मध्ये ती सुरू झाली. तिथली ग्रब या आयरिश कंपनीची, वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. प्राध्यापक नायगमवाला ती सांभाळायचे. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते करमाळ्याजवळच्या जेऊरला तळ ठोकून होते, आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ कॅम्पबेलही त्याच गावात येऊन राहिले होते. नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा गुंडाळली गेली आणि सगळी उपकरणं कोडाईकनालच्या डोंगरावर रवाना झाली.

शास्त्राच्या दृष्टीने यात गैर काहीच नव्हतं. संशोधनाच्या दुर्बिणीला उंची लागते, अंधार लागतो, स्थिर हवा लागते. ती शहरापासून पळणारच. माझा आजचा विषय दुसरा आहे. शहरातच राहायचं, संशोधन करायचं नाही आणि तरी वेधशाळा म्हणवून घ्यायचं, हे कुणाला जमलं का? जमलं. त्याची सुरुवातही, योगायोगाने, १९१२ चीच.

त्या वर्षीच्या डिसेंबरात ग्रिफिथ जे. ग्रिफिथ नावाच्या गृहस्थाने लॉस एंजेलिस शहराला वेधशाळेसाठी एक लाख डॉलर देऊ केले. हा मूळचा वेल्सचा. अमेरिकेत येऊन खाणधंद्यात पैसा केला, लॉस एंजेलिसजवळ मोठी जमीन घेतली आणि १८९६ मध्ये त्यातली ३,०१५ एकर शहराला उद्यानासाठी देऊन टाकली. गावाने डोक्यावर घेतला. मग १९०३ मध्ये त्याने स्वतःच्या बायकोवर गोळी झाडली. ती वाचली, पण एक डोळा गेला. ग्रिफिथ सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात दोन वर्षं काढून आला. अशा माणसाचे पैसे घ्यायचे का, यावर शहरात रण माजलं. प्रकरण कोर्टात अडकलं. तो १९१९ मध्ये वारला, तेव्हा उद्यानातल्या डोंगरावर वेधशाळेची एक वीटही चढली नव्हती; पैसे मृत्युपत्रातून विश्वस्तांकडे आले. दात्याची गोष्ट सांगताना आपल्याकडे हा मधला भाग गाळायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. शहराला संकोच वाटला तो योग्यच होता, आणि शेवटी पैसे घेतले तेही योग्यच.

ग्रिफिथला हे सुचलं कुठून? लॉस एंजेलिसच्या ईशान्येला माउंट विल्सन आहे. तिथे १९०८ मध्ये साठ इंची दुर्बीण बसली, त्या वेळची जगातली अग्रगण्य. ग्रिफिथने तिच्यातून आकाश पाहिलं आणि तो हलून गेला. सगळ्या माणसांना असं पाहायला मिळालं तर जग बदलेल, असं तो म्हणाल्याचं सांगतात. जग बदलण्याचं राहू द्या. पण ‘सगळ्या माणसांना’ हे त्याने अक्षरशः घेतलं. डोंगरावर मोजक्या शास्त्रज्ञांनाच जाता येतं, तेव्हा दुर्बीण लोक जाऊ शकतील अशा जागी हवी, एवढा साधा विचार.

त्याच्या आराखड्यात दुर्बीण होती, विज्ञान दालन होतं आणि शैक्षणिक चित्रपटांसाठी थिएटर होतं. मधल्या काळात, १९२३ मध्ये, जर्मनीत झाइस कंपनीने तारांगणाचा, म्हणजे घुमटाच्या आतून तारे दाखवणारा, प्रक्षेपक तयार केला. विश्वस्तांनी थिएटरच्या जागी तारांगण घातलं. मृत्युपत्राच्या शब्दाला चिकटून बसले असते तर आज तिथे एक जुनाट सिनेमागृह असतं! १९३३ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १४ मे १९३५ ला ही ग्रिफिथ वेधशाळा शहराच्या स्वाधीन झाली. पहिल्या पाच दिवसांत तेरा हजारांवर माणसं येऊन गेली. काळ महामंदीचा होता, हे विसरू नका.

आता दुर्बिणीकडे येतो. बारा इंची झाइस, भिंगांची. माउंट विल्सनवर तेव्हा शंभर इंची होती आणि तिच्यावर खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची, अंतरं काढली होती. त्या मानाने ही बारा इंची म्हणजे खेळणंच म्हणा ना. तिने कोणताही नामांकित शोध लावलेला नाही. पण १९३५ पासून सत्तर लाखांहून अधिक लोकांनी तिच्या आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावला आहे. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही दुर्बिणीतून इतक्या माणसांनी पाहिलं नसेल, असं तिथे सांगतात आणि मला ते खरं वाटतं.

मोठमोठ्या प्रदर्शनांपेक्षा मला ती रांग महत्त्वाची वाटते. रात्र निरभ्र असेल तर लोक जिना चढून घुमटात येतात, पाळीपाळीने शिडीवर चढतात आणि वाट्याला अर्धा मिनिट येतो. आपल्या गणपतीच्या रांगेसारखंच आहे हे, तासभर उभं राहायचं आणि क्षणभर दर्शन. फरक इतकाच, की इथे शिडीशी उभा असलेला माणूस पुढे ढकलत नाही. तो सांगतो काय पाहायचं, कुठे पाहायचं, शनीचं कडं दिसलं का ते विचारतो. त्या माणसाशिवाय ती दुर्बीण म्हणजे पितळेची नळी. सार्वजनिक वेधशाळा चालवायची तर पहिला पगार त्या माणसाचा काढा, मग भिंगाचं बघा.

कुणी विचारेल, शहराच्या उजेडात दिसतं काय? भरपूर दिसतं. चंद्र, शुक्र, गुरू, शनी हे झगझगीत आहेत, दिव्यांच्या उजेडाने त्यांचं काही बिघडत नाही. जोडतारे, म्हणजे जोडीने दिसणारे तारे, तेही तसेच, कारण ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत एकवटलेला असतो. मार खातात त्या दीर्घिका आणि तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचे ढग. त्यांचा प्रकाश पसरट, फिका, तो आकाशाच्या उजळीत विरून जातो. म्हणूनच माउंट विल्सनची पंचाईत झाली. शहर फुगत गेलं, नवी दोनशे इंची दुर्बीण दूर पालोमारच्या डोंगरावर उभारावी लागली आणि शंभर इंची १९८५ मध्ये काही वर्षांसाठी बंद पडली. त्याच उजेडात, त्याच शहरात ग्रिफिथची बारा इंची मात्र चालूच राहिली. आणि दिवसा काय? दिवसा सूर्य. पश्चिमेकडच्या घुमटातले आरसे सूर्यामागे फिरतात आणि डाग, वर्णपट (प्रकाशाचा रंगांत उलगडलेला पट्टा), हायड्रोजनच्या प्रकाशातलं बिंब खाली दालनात दिसतं.

आत शिरताच फूकोचा लंबक आहे. २४० पौंडांचा गोळा, चाळीस फुटी तार. पृथ्वी फिरते तशी त्याच्या डोलण्याची रेघ सरकत जाते आणि थोड्या थोड्या वेळाने एक खुंटी पडते. पोरं ती खुंटी पडेपर्यंत हलत नाहीत. ध्रुवावर ही रेघ दिवसाला एक फेरी पुरी करेल. लॉस एंजेलिसच्या अक्षांशावर सुमारे ४३ तास लागतात. पुण्यात बसवला तर ७५ तास लागतील, म्हणजे तीन दिवसांहून जास्त. विषुववृत्तावर तर ती सरकणारच नाही. आपण पृथ्वीवर कुठे आहोत हे खिडकीबाहेर न पाहता कळतं, याहून चांगला भूगोलाचा तास मला माहीत नाही.

दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना आणि १९६० च्या दशकात अपोलोच्या अंतराळवीरांना तिथल्या तारांगणात ताऱ्यांवरून दिशा ओळखायला शिकवलं. ते असो. मला जास्त बोलकी वाटते ती १९९४ ची गोष्ट. १७ जानेवारीला पहाटे साडेचारला नॉर्थरिजचा भूकंप झाला, शहराची वीज गेली, लोक घराबाहेर आले. नंतर वेधशाळेत फोन यायला लागले, की आकाश विचित्र दिसत होतं, भूकंपामुळे असं होतं का? वेधशाळेचे तेव्हाचे संचालक एड क्रप यांनी हे सांगितलेलं आहे. विचित्र काही नव्हतं, तारे होते. पुढे या गोष्टीला बरंच तिखटमीठ लागलं, पण मुद्दा तेवढ्यानेही कळतो. आणि फोन कुणाला करायचा हे त्या लोकांना ठाऊक होतं, हेही ध्यानात घ्या.

२००२ मध्ये इमारत बंद करून जवळपास ९ कोटी ३० लाख डॉलर खर्चून तिचा विस्तार केला, तोही जमिनीखाली, म्हणजे वरचं रूप तसंच राहिलं. २००६ मध्ये ती पुन्हा उघडली. आत जायला आजही पैसे पडत नाहीत, तिकीट फक्त तारांगणाच्या खेळाला. महिन्यातून एका शनिवारी हौशी मंडळी आपापल्या दुर्बिणी हिरवळीवर मांडतात. त्यांत फुटपाथवर दुर्बीण लावणारेही असतात. ही फुटपाथची परंपरा जॉन डॉब्सनची. आपण ज्याला ‘डॉब्सन’ म्हणतो ती साध्या बैठकीची, स्वस्त दुर्बीण त्याच्याच नावाची, आणि हा गृहस्थ मुळात कॅलिफोर्नियातल्या रामकृष्ण संघाच्या मठात संन्यासी होता. दुर्बिणींपायी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. मग तो रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायला लागला.

पुण्याकडे वळतो. दुर्बीण १९१२ मध्ये गेली, माणसं गेली नाहीत. १९४४ मध्ये इथे ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, १९५४ मध्ये टिळक रस्त्यावर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तारांगण झालं. हौशी लोकांची आपल्याला कधीच वाण नव्हती. माझ्या पाहण्यात नाही ती एक जागा, जिथे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी कुणीही फुकट येऊन रांगेत उभा राहील आणि शिडीशी कुणीतरी असेल. त्यासाठी ९ कोटी डॉलर लागत नाहीत. आठ इंची डॉब्सन आणि महापालिकेच्या एखाद्या बागेचा, रात्री दहापर्यंत उघडा राहणारा कोपरा, एवढ्यावर सुरुवात होते. अडचण पैशाची नाही, दर शनिवारी येण्याची आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडून. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते ऐकायला मला आवडेल. प्रश्न घेऊ या.