सड्यावर झाडं का नसतात

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वर, तिथं वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण तालुका, तिथं कसाबसा 500च्या आसपास. म्हणून तिकडं जांभूळ, अंजनी, पिसा असलं सदाहरित रान आणि इकडं बोरी, बाभळी, कुसळी गवत. पाऊस जास्त तिथं झाडी जास्त, एवढं आपल्याला लगेच पटतं.

पण मग साताऱ्याजवळच्या कास पठाराचं काय? उंची साधारण 1200 मीटर, पाऊस धो धो, आणि पठारावर बघाल तर मोठं झाड जवळजवळ नाहीच. कारण खाली जांभा दगड आहे. माती कुठं वीतभर, कुठं बोटभर, कुठं नुसता कातळ, जुलैत त्यावर पाणी तुंबून राहतं आणि एप्रिलात तोच दगड तव्यासारखा तापतो, झाडानं मूळ घालायचं कुठं? कडेच्या उतारावर जरा माती साठली की लगेच झाडी सुरू होते बघा, पाऊस तोच.

आता सड्यावर, म्हणजे अशा कातळाच्या सपाट पठारावर, एका जागी खाली बसून नीट बघा. खळग्यात पाणी साठलंय तिथं वायतुरा, त्याचा तुरा वाय अक्षरासारखा दोन फाट्यांचा, उन्हाळाभर तो कंदाच्या रूपात चिखलात दडून राहतो. कडेच्या ओल्या पातळ मातीत गेंदाची पांढरी बोंडं आणि निळीजांभळी सीतेची आसवं. या मातीत नायट्रोजन फार कमी, म्हणून ही नाजूक दिसणारी सीतेची आसवं जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून खाते! आणि थोडी जास्त माती असली की टोपली कारवी, जी काही वर्षांतून एकदाच फुलते. हातभर अंतरात तीन वेगळ्या वस्त्या, फरक फक्त माती आणि पाण्याचा.

म्हणून मला मनापासून वाईट वाटतं, जेव्हा असा सडा बघून लोक म्हणतात की ओसाड आहे, इथं वृक्षारोपण करूया. अहो, ओसाड नाहीये तो! खड्डे खणले की आहे ती माती विस्कटते, पाण्याची वाट बदलते, आणि लावलेली रोपं बहुतेक उन्हाळ्यात वाळून जातात. झाडं लावायचीच असतील तर खालच्या उतारावर लावा, जिथं पूर्वी जंगल होतं आणि तुटलं, तिथं हिरडा, जांभूळ, अंजनी अशी तिथलीच झाडं लावा, ती धरतील.