डाउनलोड झालेली फाईल नेमकी आली कुठून?

[ब्राउझरचा ॲड्रेस बार, अगदी जवळून]

इथे वर बघा. बटणाकडे सगळ्यांचंच लक्ष जातं, या ओळीकडे कुणाचं जात नाही.

फ्री डाउनलोड मॅनेजर, म्हणजे इंटरनेटवरून फायली उतरवून देणारा प्रोग्राम. प्रोग्राम खरा, साइटही अधिकृत. लिनक्ससाठीचं बटण दाबलं आणि फाईल उतरू लागली ती 'डेब डॉट एफडीएमपीकेजी डॉट ऑर्ग' या भलत्याच पत्त्यावरून. पडद्यावरचं हे दृश्य आम्ही पुन्हा रचलंय, पण प्रकार खरा आहे. २०२० ते २०२२ या काळात तो चालू होता. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी तो सप्टेंबर २०२३ मध्ये उघड केला.

पुरावा मिळाला यूट्यूबवर! हा प्रोग्राम कसा टाकायचा, हे शिकवणाऱ्या एका व्हिडिओत तो भलता पत्ता रेकॉर्ड झाला होता. व्हिडिओ बनवणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. दुसऱ्या एका व्हिडिओत मात्र त्याच साइटवरून चांगली फाईल उतरली. म्हणून 'माझ्या मित्राकडे तर नीट चालतंय' हे ऐकून कुठलाही डाउनलोडर टाकू नका. त्याला मिळालेली फाईल तुम्हाला मिळेलच असं नाही.

त्या भलत्या फाईलमुळे पासवर्ड, ब्राउझिंगचा इतिहास, क्रिप्टो वॉलेटच्या फायली, सगळं चोरीला जात होतं.

[फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स]

विंडोजवर ही खिडकी उघडा. सही म्हणजे फाईल कुणाकडून आली हे सांगणारी डिजिटल मोहोर. ती आहे का, एवढ्यावर थांबू नका. सही कुणाची आहे ते वाचा. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या टोरंट प्रोग्रामच्या मॅक आवृत्तीत केरेंजर हे खंडणीखोर सॉफ्टवेअर घुसवलं होतं. त्या फाईलवरची सही ॲपलच्या लेखी वैध होती, पण ती होती तुर्कस्तानातल्या एका कंपनीच्या नावाची. ट्रान्समिशनच्या आधीच्या आवृत्त्यांवर ते नाव नव्हतं.

[काळी कमांड विंडो]

आता हॅश, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण. सर्टयुटिल, डॅश हॅशफाईल, फाईलचं नाव, एसएचए२५६, एंटर. ही आली ६४ अक्षर-आकड्यांची ओळ. आता ही साधी टेक्स्ट फाईल घेऊ. तिचाही हॅश काढून ठेवलाय. तिच्यात फक्त एक पूर्णविराम वाढवला, सेव्ह केली, पुन्हा एंटर. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून बघा. काही जुळतंय?

उतरवलेल्या फाईलची ओळ प्रोग्राम बनवणाऱ्यांनी दिलेल्या ओळीशी ताडून बघा. पण साइटच फोडलेली असेल, तर तिथली ओळही बदललेली असू शकते. म्हणून तीच ओळ व्हायरसटोटल या फायली तपासणाऱ्या साइटवर शोधा. फाईल चढवायचीही गरज नाही. अनेक अँटिव्हायरसचे निकाल एकत्र दिसतात. सगळे हिरवे आले म्हणून निर्धास्त होऊ नका, नवी लबाडी त्यांनाही उशिराच कळते.

[व्हायरसटोटलचं पान]

आमच्या या फाईलची तिथे नोंदच नाही. म्हणजे ती अगदी नवी असू शकते, किंवा कुणीतरी बदललेली. दोन्ही शक्यता आहेत, म्हणून आम्ही ती उघडलेली नाही. डाउनलोड्समध्ये तशीच पडून आहे.