डेव्हिड फेरी : परक्या काव्यातून पिकलेला स्वतःचा आवाज

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि रसिक श्रोतेहो,

आपल्यापैकी अनेकजण मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज आणि वेलस्लीच्या रस्त्यांवरून रोज ये-जा करतात. त्याच परिसरात आयुष्य घालवलेल्या डेव्हिड फेरी या अमेरिकन कवी आणि अनुवादकाविषयी आज मी बोलणार आहे. 1924 साली न्यू जर्सीतील ऑरेंज येथे जन्मलेले फेरी 1952 ते 1989 अशी सदतीस वर्षे वेलस्ली महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवीत होते. त्यांचा पहिला कवितासंग्रह 1960 साली आला आणि दुसरा थेट 1983 साली. त्यांचे जे काम आज आपण आदराने वाचतो, ते बहुतेक सारे निवृत्तीनंतरचे आहे.

1992 साली त्यांनी प्राचीन मेसोपोटेमियातील राजा गिल्गमेशचे आख्यान इंग्रजी पद्यात आणले. त्या आख्यानाची मूळ अक्कादी भाषा त्यांना येत नव्हती. विद्वानांच्या शब्दशः अनुवादांवरून त्यांनी ते काव्य रचले आणि हे उघडपणे सांगितले. त्यानंतर 1997 साली रोमन कवी होरेसची ओडकाव्ये, म्हणजे त्याची भावगीते, आली. पुढे रोमन कवी व्हर्जिलची गोपकाव्ये आणि शेतीवरील काव्य झाले आणि 2017 साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्याचेच महाकाव्य, संपूर्ण ‘एनीड’, प्रसिद्ध झाले.

मूळ वृत्त ठेवावे की आपल्या भाषेचे घ्यावे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. विनोबांनी ‘गीताई’त श्लोकास श्लोक ठेवला; ज्ञानेश्वरांनी मात्र गीतेचा अर्थ उलगडताना ओवी हाती घेतली. टीका आणि भाषांतर वेगळे हे मान्य करूनही मला वाटते, की फेरींची वाट ओवीच्या बाजूची आहे. व्हर्जिलची ओळ सहा गणांची. फेरींनी ती इंग्रजीच्या अंगवळणी पडलेल्या, पाच आघातांच्या, यमक नसलेल्या ओळीत घेतली. त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीचा कवी शेजारी बसून संथपणे बोलतो आहे असे वाटते.

‘एनीड’च्या सहाव्या सर्गातील एक जागा पाहा. मृतांची गर्दी पाताळातील नदीकाठी लोटते. शरदातील पहिल्या थंडीने रानात जितकी पाने गळावीत, तितके ते जीव असतात आणि पैलतीराच्या ओढीने ते हात पुढे करतात. न्यू इंग्लंडमध्ये ऑक्टोबर काढलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. त्याच सर्गात काव्याचा नायक एनियस मृत पित्याला तीनदा मिठी मारू पाहतो आणि तीनदा ती छाया हातांतून निसटते.

आता फेरींची स्वतःची एक कविता घ्या. जन्मगावातील एका उपाहारगृहात कवीला आपल्या वारलेल्या वडिलांसारखा हुबेहूब माणूस दिसतो. ही कविता ज्या संग्रहात आहे, त्याला 2012 साली नॅशनल बुक अवॉर्ड हा अमेरिकेतील साहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा फेरी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. त्या संग्रहात त्यांनी स्वतःच्या कविता आणि भाषांतरे शेजारी शेजारी ठेवली आहेत. 2006 साली त्यांच्या पत्नी, साहित्याच्या अभ्यासक अ‍ॅन फेरी, निवर्तल्या होत्या आणि त्या वियोगाची सावली पुस्तकभर आहे. शोक सांगताना स्वतःचा शब्द कुठे थांबला आणि व्हर्जिलचा कुठे सुरू झाला, हे वाचताना वेगळे काढता येत नाही. काढू नये, असे माझे मत आहे.

नोव्हेंबर 2023 मध्ये, शंभरीला चार महिने उरले असताना, फेरी गेले. त्यांचे ‘एनीड’ ज्यांना वाचायचे आहे त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली नाही तरी चालेल. सहावा सर्ग उघडावा, आणि तो मोठ्याने वाचावा.