फुफ्फुसाचा कॅन्सर पसरतो कसा, आणि तो थांबवता येईल का?

(दृश्य: सकाळचा विद्यापीठ चौक, मग गणेशखिंडीतली झाडं)

पुण्यात कुठल्याही कॅन्सर ओपीडीबाहेर जरा वेळ बसा, मांडीवर रिपोर्टची फाईल घेतलेल्या घरच्यांचा प्रश्न ठरलेला, "डॉक्टर, पसरलाय का?" आणि बरोबरच आहे तो, कारण फुफ्फुसाचा कॅन्सर बऱ्याचदा कळतो तेव्हाच मेंदूत, हाडात, लिव्हरमध्ये पोचलेला असतो आणि जीव बहुतेकदा या पसरण्यानेच जातो.

पण गाठीतली पेशी तिथून निघतेच कशी? एरवी या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, ती पकड ई-कॅडहेरिन नावाच्या प्रोटीनची. झेब-१ हे दुसरं प्रोटीन वाढलं की ई-कॅडहेरिन बनणं कमी होतं, पेशी सुटी होते, सरकायला लागते, रक्तात शिरते. आणि या झेब-१ला आवरून धरणारा असतो एमआयआर-२००, एक मायक्रोआरएनए, म्हणजे आरएनएचा छोटासा तुकडा, जेमतेम २२-२३ अक्षरांचा! त्याच्यापासून प्रोटीन बनत नाही, तो फक्त दुसऱ्या जीनचा मेसेंजर आरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायचा निरोप, अडवतो. असा पहिला मायक्रोआरएनए अ‍ॅम्ब्रोस आणि रुवकुन या शास्त्रज्ञांना १९९३ला मिलिमीटरभर किड्यात सापडला, नोबेल मिळालं २०२४ला.

(दृश्य: एनसीसीएसचं गेट)

इथे विद्यापीठाच्या आवारातच एनसीसीएस, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ही पेशींवर संशोधन करणारी संस्था आहे. ए५४९ ही फुफ्फुसाच्या कॅन्सरची सेल लाईन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी, देशभरातल्या कितीतरी लॅबनी इथूनच नेलीय.

मग उपचार काय, तर कमी पडलेला मायक्रोआरएनए बाहेरून द्यायचा, किंवा एमआयआर-२१ सारखा कॅन्सरमध्ये वाढलेला बंद करायचा. उंदरांमध्ये हे जमलंय. माणसात एमआयआर-३४ए या कॅन्सरला आवरणाऱ्या मायक्रोआरएनएची नक्कल, एमआरएक्स३४ नावाचं औषध, देऊन बघितली, पण इम्यून सिस्टीमची रिअ‍ॅक्शन इतकी गंभीर आली की ४ पेशंट गेले आणि २०१६ला ट्रायल थांबवावी लागली. हे न सांगता नुसत्या आशेच्या हेडलाईन देणं पेशंटवर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

अडचण कुठे आहे? उघडा आरएनए रक्तात टिकत नाही, चरबीच्या कणात भरून दिला तर बराचसा लिव्हरच अडवतं, गाठीपर्यंत पोचतो थोडाच. शिवाय एक मायक्रोआरएनए एकाच वेळी कितीतरी जीन्सना हात लावतो, म्हणून तर तो कॅन्सरला अनेक बाजूंनी अडवू शकतो आणि म्हणूनच निरोगी पेशीत गेला तर धोका. त्यामुळे आज खरं काम चाललंय ते पोचवण्यावर, कण श्वासातून थेट फुफ्फुसात देता येतील का, त्यांना फक्त कॅन्सरची पेशी ओळखता येईल का, यावर.