‘नाइट’मधला जी-एच कुठून आला?

(पडद्यावर फळा. खडूने एकेक इंग्रजी अक्षर उमटतं.)

एन, आय, जी, एच, टी. नाइट. नाइट म्हणजे रात्र.

मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाने हे असंच घोकलेलं असतं. उच्चारात जी आणि एचचा पत्ता नाही, पण गाळले की स्पेलिंग चुकलं. लाइट म्हणजे उजेड, डॉटर म्हणजे मुलगी, एट म्हणजे आठ, नेबर म्हणजे शेजारी. सगळीकडे हीच जोडी आणि सगळीकडे ती मुकी. का, असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘इंग्रजी अशीच आहे, पाठ करा.’ मुलांना याहून चांगलं उत्तर मिळायला हवं, आणि ते आहे. ही दोन अक्षरं एके काळी बोलत होती.

हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये रात्रीला ‘निख्त’ म्हणत, मुलीला ‘दोख्तोर’. हा ख आपल्या खडूतला नव्हे. घशातून घासत येणारा, उर्दू ‘ख़बर’मध्ये ऐकू येतो तसा. रोमन लिपीत त्याला स्वतंत्र अक्षर नव्हतं, म्हणून जुने लेखनिक नुसता एच लिहीत. १०६६ साली उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि लिहिण्याच्या पद्धती बदलत गेल्या. या आवाजासाठी तीनच्या आकड्यासारखं दिसणारं एक अक्षर काही काळ चाललं, पुढे त्याची जागा जी-एचने घेतली.

आणि मग तो आवाजच गेला. १५व्या ते १७व्या शतकादरम्यान दक्षिण इंग्लंडच्या बोलण्यातून तो विरत गेला. पण तोवर छापखाना आला होता. विल्यम कॅक्स्टन या पहिल्या इंग्रज मुद्रकाने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला आपला छापखाना सुरू केला. पुस्तकांतून स्पेलिंग हळूहळू पक्की होत गेली, आणि बोलणं मात्र बदलत राहिलं.

(नकाशा: इंग्लंडवरून स्कॉटलंड, मग जर्मनी, मग इराण.)

स्कॉट्स बोलीत रात्र आजही ‘निख्त’ आहे. जर्मनमध्ये रात्र ‘नाख्ट’, आठ ‘आख्ट’, मुलगी ‘टॉख्टर’, उजेड ‘लिख्ट’. पुण्या-मुंबईत जर्मन शिकणाऱ्या मुलांना पहिल्याच आठवड्यात ही यादी इंग्रजीशेजारी मांडून दाखवावी. इंग्रजी शब्दात जिथे जी-एच मुका, तिथे जर्मनमध्ये बहुधा ख ऐकू येतो. फारसीत मुलगी ‘दुख्तर’, संस्कृतात ‘दुहिता’. सगळी एकाच घराण्यातली.

‘नाइट’चं भावंड तर मराठी घरात आहे. दिवसभर उपास करून रात्री जेवण्याच्या व्रताला आपण ‘नक्त’ म्हणतो. हे नक्त म्हणजे संस्कृतातली रात्र, आणि नक्त आणि नाइट एकाच मुळातून आलेले. ‘लाइट’चं आणखी वेगळं. उजेडाचा लाइट आणि हलका या अर्थाचा लाइट हे मुळात दोन निराळे शब्द, स्पेलिंग तेवढी एक झाली. त्यातला हलका लाइट आपल्या ‘लघु’चा सख्खा नातेवाईक. लघुमधला घ आपण अजून खणखणीत म्हणतो.

अर्थही बदलत गेले. ‘नेबर’ मूळचा जवळचा शेतकरी. सरदार या अर्थाचा ‘नाइट’, ज्याच्या सुरुवातीला मुका के असतो, तो मूळचा साधा पोरगा, नोकर. इंग्लंडमध्ये तो शब्द चढत चढत सरदार झाला. जर्मनीतला त्याचा भाऊ ‘क्नेख्ट’ नोकरच राहिला.

पण मग ‘लाफ’चं काय? लाफ म्हणजे हसणं, कफ म्हणजे खोकणं, रफ म्हणजे खरखरीत, टफ म्हणजे चिवट, इनफ म्हणजे पुरेसं. इथे जी-एच मुका नाही, तो फ झालाय. घशात घासणारा ख ओठ गोल करून म्हणून पाहा, घर्षण ओठांकडे सरकतं. काही बोलींत तसंच झालं आणि त्यातले थोडे शब्द प्रमाण इंग्रजीत आले.

यात विद्यार्थ्यांच्या उपयोगाची एक खूण आहे. जी-एचच्या आधी आय असेल, तर फ होत नाही. हाय म्हणजे उंच, साय म्हणजे सुस्कारा, वेट म्हणजे वजन: इथे ती जोडी मुकीच. फ होतो तो ए-यू किंवा ओ-यू नंतर, आणि तिथेही प्रत्येक वेळी नाही. ‘डॉटर’मधला डी काढून एल लावा, ‘लाफ्टर’ होतं, म्हणजे हसू. त्याच लाफ्टरच्या आधी एस लावा, ‘स्लॉटर’ होतं, म्हणजे कत्तल, आणि फ पुन्हा गायब. इथे नियम हात टेकतो. हे तीन शब्द वेगवेगळे लक्षात ठेवावेच लागतात.

(पडद्यावर जुन्या छापखान्यातले खिळे.)

काही शब्दांत ख कधी नव्हताच. ‘डिलाइट’ म्हणजे आनंद, हा फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात जी-एच नव्हता. लाइटच्या देखादेखी १६व्या शतकात तो चिकटला. ‘घोस्ट’ म्हणजे भूत. जुन्या इंग्रजीत तो ‘गास्त’, एचशिवाय. कॅक्स्टन बरीच वर्षं ब्रुज या आजच्या बेल्जियममधल्या शहरात राहिला होता आणि तिथल्या फ्लेमिश भाषेत भुताच्या शब्दात जीनंतर एच असे. ती सवय त्याच्या छापखान्यात आली असावी. बकरीचा ‘गोट’, हंसिणीचा ‘गूस’ यांनाही त्याच्याकडे एच लागलेला दिसतो. पुढे तो गळला, भुताला मात्र कायमचा चिकटला.

आणि काही जी-एच आपल्याकडून गेले. घी म्हणजे तूप. घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या आणि डोंगरातली वाटही. त्यावरूनच इंग्रजीत सह्याद्रीच्या रांगेला वेस्टर्न घाट्स हे नाव पडलं. इथला एच खऱ्या ‘घ’साठी आहे, पण इंग्रजी जिभेला हा घ नाही, म्हणून त्यांच्या तोंडी घीचं ‘गी’ होतं. ‘डिंगी’ म्हणजे छोटी होडी, हा शब्दही भारतातून गेलेला. मूळ शब्दात घ नाही. पण जीपुढे वाय आला की इंग्रज ‘डिंजी’ वाचेल, म्हणून मध्ये एच घातला, ग ग राहावा एवढ्याचसाठी. या एचला मुका कसं म्हणायचं?