बी.कॉम.नंतर सोसायटीचं दप्तर

नमस्कार श्रोतेहो. बी.कॉम.चा निकाल लागला की घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकच विचारतो, "मग, सीए करणार ना?" उत्तर 'नाही' आलं की विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये, म्हणून आज मी तुमच्याशी बोलते आहे.

सीएचा रस्ता उत्तमच आहे. वाणिज्य पदवीला 55 टक्के असतील तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमिजिएटला नाव नोंदवता येतं, आर्टिकलशिप म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारीही आता तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. ज्याला झेपेल त्याने जरूर करावं. कॉस्ट अकाउंटंट आहे, कंपनी सेक्रेटरी आहे, राज्य लोकसेवा आयोगातून वित्त व लेखा सेवा आहे. टॅली आणि जीएसटी नीट येत असेल तर तालुक्याच्या गावातही हाताला काम मिळतं. जीएसटीची विवरणपत्रं भरायची महिन्याची 11 आणि 20 तारीख जवळ आली की कुठल्याही कर सल्लागाराच्या ऑफिसात डोकावून बघा, माणसं कमीच पडत असतात.

पण मला मनापासून सांगायचं आहे ते जी.डी.सी. अँड ए. या परीक्षेबद्दल. सहकार आणि लेखा यांची ही शासकीय पदविका. आपल्या सहकार खात्यातर्फे साधारण मे महिन्यात परीक्षा होते. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला बसता येतं, पण जमाखर्च आणि ऑडिट कॉलेजात शिकलेल्याला निम्मा अभ्यास ओळखीचाच वाटतो. नवं असतं ते सहकाराचं तत्त्व आणि 1960 चा आपला सहकारी संस्था कायदा.

राज्यात दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत: विकास सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था आणि मुंबई, ठाणे, पुण्यातल्या गृहनिर्माण संस्था तर मोजता येणार नाहीत इतक्या. प्रत्येकीचं दर वर्षी लेखापरीक्षण व्हावंच लागतं. ही पदविका, ऑडिटचा काही वर्षांचा अनुभव आणि मराठीचं व्यवहारज्ञान असेल, तर शासनाच्या नामतालिकेवर प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून नाव लागू शकतं. हो, मराठी यावी लागते. कीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणी (खातेवार नोंदींची वही), तेरीज (खात्यांच्या शिलकांचा गोषवारा), ताळेबंद हे शब्द या कामात अजून रोजच्या तोंडातले आहेत.

सुरुवातीला मी एका ज्येष्ठ लेखापरीक्षकांच्या हाताखाली होते. पैसे बेताचेच मिळायचे, हेही सांगायला हवं. एका दूध संस्थेत त्यांनी मला आधी कीर्द उघडूच दिली नाही. "पहिल्यांदा गल्ल्यातली रोकड मोज, मग गोदामात जा." रोकड जुळली. पशुखाद्याच्या साठा नोंदवहीत 40 पोती होती, गोदामात 31. सचिव म्हणाले, "नऊ उधारीवर गेलीत, दूध बिलातून कापून घेऊ." पण एकाही सभासदाच्या नावे उधारीची नोंद नव्हती. ताळेबंदात मात्र ती नऊ पोती शिल्लक साठा म्हणून दिमाखात उभी होती. नोंदवही आणि ताळेबंद एकमेकांशी तंतोतंत जुळत होते, श्रोतेहो. मी टेबलावरच बसून राहिले असते तर कधीच कळलं नसतं.

ती पोती ज्यांच्या पैशाची, त्या बायका बाहेर पहाटेचं दूध घालायला रांगेत होत्या. फॅट किती लागली, एवढंच त्या बघत होत्या. त्यांच्या वतीने गोदामात जाणारं माणूस म्हणजे लेखापरीक्षक. माझा या कामावर जीव जडला तो त्या सकाळी. आपण लिहिलेल्या दोषांची दुरुस्ती करून संस्थेला लेखी अहवाल द्यावा लागतो आणि अफरातफर सापडली तर लेखापरीक्षकाला फिर्यादीपर्यंत जावं लागतं. त्यामुळे दडपणही येतं. गावातली वजनदार माणसं समोर असतात. जो चहा पिऊन सही करतो, त्याने या वाटेला येऊ नये.

फॉर्म भरण्याआधी एक करून बघा. घरचं कोणी ना कोणी कुठल्या तरी सोसायटीचं सभासद असेलच. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होते. या वर्षी त्यांच्याकडून लेखापरीक्षण अहवालाची प्रत मागवून घ्या आणि आकडे नंतर बघा, आधी त्यातले शेरे वाचा. ते वाचताना पुढचं पान उलटावंसं वाटलं, तर मेच्या परीक्षेच्या तयारीला लागा.